न मिळालेली भूल

सिझर झालेली बाई टेबलावर किंवा नंतरच्या काही तासांत दगावली की दवाखान्याबाहेर एकच वाक्य फिरू लागते : ‘भूल जास्त झाली.’ मग काचा फुटतात, पोलीस येतात, डॉक्टरांची संघटना निवेदन देते आणि महिन्याभरात प्रकरण निवते. ती नेमकी कशाने गेली, हे ना तिच्या माहेराला कळते, ना शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरला.

लोकांचा संशय अगदीच निराधार नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत एकूण मातामृत्यूंपैकी २.८ टक्के भुलीशी निगडित होते. सिझरनंतरच्या मृत्यूंपुरते पाहिले तर १३.८ टक्के, म्हणजे सातात एक. मणक्यातल्या भुलीच्या तुलनेत पूर्ण भूल दिलेल्या बायकांत मृत्यूची शक्यता तिपटीहून जास्त आढळली. मात्र हा आकडा जपून वाचायला हवा. जिला झटके येत आहेत, जिचे रक्त वाहून नाडी लागत नाही, अशा बाईला बहुधा पूर्ण भूलच द्यावी लागते. आधीच अत्यवस्थ असलेल्या बायकांचे मृत्यूही मग भुलीच्या पद्धतीच्या नावावर चढतात.

खरे धोके पुष्कळदा साध्या गोष्टींत असतात. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ गरोदर बायकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६६ जणींच्या पोटातले अन्न किंवा आम्ल भुलीत असताना फुप्फुसात गेले होते. शस्त्रक्रियेआधी पोट रिकामे हवे, हा आग्रह त्यानंतर पक्का झाला. आता सोलापुरातल्या एखाद्या दवाखान्यात काय होते ते पाहा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी, कळांनी बेजार झालेली मुलगी. भूलतज्ज्ञ मराठीत विचारतात, ‘शेवटचं कधी खाल्लं?’ उत्तर सासू देते, ‘काही नाही, नुसता चहा.’ अंगात ताकद राहावी म्हणून तासाभरापूर्वी भरवलेला शिरा ती सांगत नाही. सांगितला तर ऑपरेशन लांबेल, ही भीती. दुसरा धोका काचेच्या कुपीतला. मणक्यात द्यायचे भुलीचे औषध ब्युपिव्हाकेन आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी शिरेतून द्यायचे ट्रॅनेक्सामिक ॲसिड यांच्या कुप्या काही वेळा एकसारख्या दिसतात. घाईत अदलाबदल होऊन दुसरे औषध मणक्यात गेले तर झटके येतात आणि जीव जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल इशारा दिला. उपाय बिनखर्ची आहे : या दोन कुप्या एका ट्रेमध्ये ठेवायच्या नाहीत.

या मृत्यूंची निदान चर्चा तरी होते. भूल वेळेवर न मिळाल्याने होणारा मृत्यू मात्र मोजलाच जात नाही. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. करमाळा, माळशिरस ही गावे सोलापूरपासून शंभर किलोमीटरहून दूर. धाराशिव, कलबुर्गी, विजयपुराकडचे रुग्णही सोलापुरातच येतात. तालुक्याच्या दवाखान्यात सर्जन हजर, थिएटर तयार, पण भूल द्यायला कोणी नसेल, तर रेफर चिठ्ठी लिहिली जाते आणि बाई रक्तस्राव होत असतानाच सोलापूरच्या सिव्हिल रुग्णालयाच्या वाटेला लागते. ती गेली तर कागदावर कारण पडते ‘रक्तस्राव’. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खासगीत एकच भूलतज्ज्ञ बॅग घेऊन चार नर्सिंग होम सांभाळत असेल, तर टाके पडताच त्याला पुढची केस बोलावते. रक्तदाब उतरण्याचे, श्वास मंदावण्याचे पुढचे तास एखाद्या नर्सच्या भरवशावर जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के, तर सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणे सिझरने झाल्याचे आढळले. खासगीतली काही सिझर अनावश्यक असतील आणि सरकारीत काही गरजूंना वेळेवर मिळतही नसतील; एका सरासरीत दोन्ही झाकले जाते. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल शिकवण्याची सरकारी योजना आहे. पण शिकून आलेल्याला नियमित केस मिळाल्या नाहीत, तर हाताची सवय जाते.

ब्रिटनमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते आणि नावे वगळून निष्कर्ष छापले जातात. तिथे एके काळी दर तीन वर्षांमागे डझनांनी मोजले जाणारे भुलीचे मृत्यू पुढे एक अंकी झाले. त्यात औषधे, उपकरणे, प्रशिक्षण सगळ्यांचा वाटा आहे, पण काय सुधारायचे हे चौकशीने दाखवले. केरळने २००४ मध्ये ही वाट धरली. आपल्याकडेही २०१० पासून मातामृत्यू परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत मृत महिलेच्या नातेवाइकांना बोलावण्याची तरतूदही त्यांत आहे. या चौकशीतून शिकायला मिळालेले मात्र फायलीबाहेर येत नाही.

डॉक्टर म्हणतील, खरे लिहिले तर गुन्हा दाखल होईल. ही भीती पोकळ नाही. २०२२ मध्ये राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक माता गेली, डॉक्टरवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्या डॉक्टरने आत्महत्या केली. डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यातच सांगितले होते. नातेवाईक उलट म्हणतील, नावे झाकली की दोषी सुटतात. म्हणूनच दोन चौकशा वेगळ्या हव्यात. निष्काळजीपणाचा निवाडा न्यायालय आणि वैद्यक परिषद करतील, आणि काय घडले हे जाणण्याचा घरच्यांचा हक्क अबाधित राहील. शिकण्यासाठीच्या चौकशीने मात्र वेळा लिहाव्यात : निर्णय किती वाजता झाला, भूलतज्ज्ञ किती वाजता आला, नंतर रुग्णाजवळ कोण होते.

महाराष्ट्रात २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. इथवर रस्ते, रुग्णवाहिका आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांनी आणले. उरलेले मृत्यू एकेक करून वाचावे लागतील. जिल्ह्याने दरवर्षी नावे वगळून असा अहवाल छापायला नवा कायदा लागत नाही. मृत्यूच्या कारणाशेजारी ‘भूलतज्ज्ञाअभावी उशीर’ हा रकाना आला, तरच रिकाम्या पदाचा जाब कोणाला तरी विचारता येईल. तोवर ते पद भरण्याची घाई कोणालाच वाटणार नाही.