यजमानाची भेट: दान, परतफेड की कृतज्ञता?

परदेशात ज्यांच्या घरी उतरायचे त्यांच्यासाठी मायदेशातून काय न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. परंतु भारतीय धर्मविचाराच्या कसोटीवर तो पारखून पाहिला, तर देणे, घेणे आणि ऋण यांविषयीची एक खरी अडचण त्यात दडलेली आढळते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, योग्य स्थळी व काळी, पात्र आणि ‘अनुपकारी’ म्हणजे ज्याने उपकार केलेला नाही अशा व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक. परतफेडीच्या हेतूने किंवा कष्टी मनाने दिलेले राजस. आणि अवेळी, अस्थानी, अपात्राला अवमानपूर्वक दिलेले तामस होय. यजमान तर उपकारकर्ताच असतो, कारण तो निवारा, अन्न आणि अनोळखी देशातील आधार देत असतो. मग त्याला कितीही मनापासून दिलेली भेट राजसच मानावी लागेल काय?

दानाच्या हेतूंची छाननी धर्मशास्त्राने बारकाईने केलेली आहे. देवल या स्मृतिकाराने धर्म, अर्थ, काम, लज्जा, हर्ष आणि भय अशी दानाची सहा अधिष्ठाने, म्हणजे देण्यामागील मूळ प्रेरणा, सांगितली असून, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाच्या दानखंडात या परंपरेतील वचनांचा मोठा संग्रह केला. प्रवासाला निघणाऱ्याने स्वतःचे मन या सहा प्रेरणांपुढे तपासले, तर रिकाम्या हाताने गेल्यास लोक काय म्हणतील या संकोचातून घेतलेली वस्तू लज्जेच्या, पुढेमागे काम निघेल या हिशेबाने घेतलेली महागडी वस्तू अर्थाच्या, आणि भेटीच्या आनंदातून निवडलेली वस्तू हर्षाच्या वर्गात पडते, हे त्याला सहज उमगेल. वस्तू एकच असली तरी देण्यामागील भाव बदलताच तिचे नैतिक स्वरूप बदलते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने 1925 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भेटीवरील निबंधात देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तीन बंधने अनेक समाजांत कशी कार्य करतात हे दाखवले, आणि त्यासाठी महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचाही आधार घेतला. त्याच्या मते पूर्णतः निरपेक्ष भेट असे काही नसते. ही मांडणी समाजाच्या व्यवहाराचे यथार्थ वर्णन करते; मात्र व्यवहारात परतफेड घडते एवढ्यावरून परतफेड हाच देणाऱ्याचा हेतू असतो, असे सिद्ध होत नाही. गीताभाष्यात शंकराचार्यांनी नेमका हाच भेद केला आहे: परतफेड करण्यास असमर्थ असलेला तर अनुपकारी आहेच, पण समर्थ असलेल्यालाही अपेक्षा न ठेवता दिले, तर ते दान सात्त्विकच ठरते. अर्थात हा निर्णय भेट घेणाऱ्याच्या परिस्थितीवर नव्हे, तर देणाऱ्याच्या अपेक्षेवर अवलंबून असतो.

भागवताच्या दशम स्कंधातील सुदाम्याच्या कथेत हे तत्त्व मूर्त झाले आहे. त्याच्या पत्नीने शेजारून मागून आणलेले चार मुठी पोहे फडक्यात बांधून दिले, द्वारकेचे वैभव पाहून ते पुढे करण्याचा त्याला संकोच वाटला, आणि श्रीकृष्णाने स्वतः ते काढून घेऊन आवडीने खाल्ले. भेटीचे मोल यजमानाच्या संपत्तीशी तोलायचे नसते, कारण तशी तुलना आरंभीच देणाऱ्याला स्पर्धक बनवते.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अतिथीला देव मानण्याचा उपदेश आणि श्रद्धेने, विनयाने व ‘संविदा’ने देण्याचा उपदेश एकाच अनुवाकात येतो, आणि शंकराचार्य संविदेचा संबंध मैत्रीशी जोडतात. मैत्रीत समोरच्याची ओळख असणे गृहीतच आहे. म्हणून देश, काल आणि पात्र यांचा विचार हा भेटीच्या धर्माचाच भाग ठरतो. मूर्तिपूजा न मानणाऱ्या यजमानाला गणपतीची मूर्ती दिल्यास, तिचा अवमान होऊ नये म्हणून काय करावे हा भार त्याच्या माथी पडतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशात बियाणे, ताजी फळे किंवा दुधाचे पदार्थ नेण्यावर कडक निर्बंध असल्याने, ते माहीत असूनही दडवून नेलेली वस्तू यजमानाला त्याच्याच देशाच्या कायद्याविरुद्ध नकळत उभे करते. याउलट घरी केलेला, नियमांत बसणारा आणि समोरच्याच्या आहारधर्माला चालणारा लाडू किंवा चिवडा खाऊन संपतो, आणि सांभाळण्याचे ओझे मागे ठेवत नाही.

तथापि आतिथ्याची पुरती फेड कोणत्याच वस्तूने होत नाही. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. आधीच्या पत्रव्यवहारातून जुळलेल्या या नात्यात आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत, आणि 1887 मध्ये आनंदीबाईंचे निधन झाल्यावर त्यांच्या अस्थी कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात येऊन पोकीप्सी येथील त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. इतक्या मोठ्या ऋणाचा हिशेब होत नाही. ते नाते म्हणून निभावले जाते.

यावरून असे म्हणावे लागते की यजमानासाठी नेलेली भेट ही शास्त्रीय अर्थाचे दान नव्हे आणि आतिथ्याची किंमतही नव्हे. ती घेतलेल्या ऋणाची जाहीर कबुली आहे. म्हणून ती देणाऱ्याची स्वतःची ओळख सांगणारी, ऐपतीत बसणारी आणि घेणाऱ्यावर कोणताही भार न टाकणारी असावी; एवढ्या तीन अटी पाळल्या, तर मूठभर पोहेसुद्धा धर्माच्या दृष्टीने पुरेसे आहेत.