दोन दम

आजचा श्लोक गीतेच्या १६व्या अध्यायातला पहिला. दैवी गुणांच्या यादीत इथे 'दम' येतो. रामटेकचा गड चढताना आपल्याला लागतो, तो दम वेगळा. तो फारसीतून आला, अर्थ श्वास. दमा, दमछाक, 'दम निघत नाही' हे सगळं त्यातूनच. गीतेतला दम संस्कृत, अर्थ इंद्रियांना आवर घालणं. शब्द दिसायला एक, मुळं दोन.

पण 'दम धर' म्हटलं की दोन्ही जवळ येतात. माझ्या बाबांना दमा आहे. थंडीत रात्री धाप लागली की आम्ही घरचे घाबरतो. ते मात्र उठून बसतात, इनहेलर घेतात आणि हातानेच खुणावतात, दम धरा. ज्याचा श्वास अडलाय, तोच आम्हाला धीर देतोय! तेव्हा श्वास त्यांच्या ताब्यात नसतो, मन असतं.

मित्रांनो, डेडलाइन, ईएमआय, रिझल्ट यांनी दम लागणारच. त्याची लाज कशाला? गड चढतानाही लोक पायरीवर टेकतातच. फक्त श्वास परत येईपर्यंत तोंडून कडू शब्द आणि हातून रागाचा मेसेज जाऊ नये. आज एवढा दम साधूया.

राम कृष्ण हरी!