नंबर परका, आवाज घरचा



नांदेड-लातूरकडच्या घरांतून हल्ली एक शंका वारंवार ऐकू येते, आणि ती विचारणाऱ्या बहुधा आयाच असतात. मुलगा परदेशी असतो. त्याचा फोन येतो, पण पडद्यावर त्याचा नंबर नसतो. कधी अमेरिकेचा आकडा, कधी भलत्याच देशाचा. उचलला तर आवाज आपल्याच लेकराचा. न उचलला तर रात्रभर घोर. वर जो तो बजावतो की अनोळखी नंबर उचलू नका, पैसे जातात. तेव्हा माउलीची शंका अशी: नंबर एकाचा आणि बोलणारा दुसरा, हा खोटेपणा नव्हे काय? आणि असेल तर माझं लेकरू तो का करतं?

शंका दिसायला लहान आहे. पण तिचे समाधान करायचे तर हा फोन येतो कसा हे आधी पाहिले पाहिजे. वस्तू न पाहता निवाडा द्यायचा ही आपली रीत नव्हे.

आमच्या उमेदीच्या काळात परदेशी बोलणे म्हणजे ट्रंककॉल लावून तासन्तास वाट पाहणे. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी उपग्रह केंद्र उभे राहिले आणि परदेशीचे बोलणे आकाशातून महाराष्ट्राच्या भूमीत उतरू लागले. (त्याच तालुक्यात ओतूर आहे. तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तिथली, आणि त्यांचा उपदेश तुकोबांना झाला तो स्वप्नात. दुरून आलेल्या शब्दाचे त्या मातीला नवल वाटले नसावे.) पुढे पिवळ्या पाट्यांची एसटीडी-आयएसडी दुकाने गावोगाव निघाली. काचेच्या खोलीत उभे राहायचे, समोर लाल आकडे पळत असायचे, आणि माणूस बोलायचा लेकराशी पण डोळे त्या आकड्यांवर. खुशाली विचारून होते न होते तोच ‘ठेवतो आता’. इंटरनेटवरून टेलिफोनसारखे बोलणे आपल्या देशात तेव्हा कायद्याने बंद होते. ते १ एप्रिल २००२ पासून खुले झाले.

आता ब्राउझर. ब्राउझर म्हणजे संगणकातली किंवा मोबाइलमधली ती खिडकी, जिच्यातून आपण पंचांग पाहतो, पंढरीचे थेट दर्शन घेतो. त्याच खिडकीत मुलगा एक पान उघडतो. ते पान त्याला विचारते, तुझा माइक वापरू का? त्याने हो म्हटले की समोर आकडे येतात, तो आईचा नंबर दाबतो. त्याचा आवाज बारीक तुकड्यांत चिरला जातो, एका सेकंदाचे साधारण पन्नास तुकडे. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घातलेला असतो. ते तुकडे सुटे सुटे प्रवास करतात, एका नाक्यावर पुन्हा ओळीने लावले जातात, जो फार उशिरा येतो तो टाकून दिला जातो, आणि तिथून पुढे नेहमीच्या टेलिफोनच्या वाटेने आवाज घरी येतो. हे तंत्र गूगलने २०११ मध्ये सर्वांना खुले केले आणि २०२१ च्या जानेवारीत ते जगभराचे मानक ठरले. सोय अशी की आईकडे बटणांचा साधा फोन असला, घरात इंटरनेट नसले तरी अडत नाही. इंटरनेट लागते ते मुलाला.

दुबई-अबूधाबीकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणे सरकारने अडवून ठेवलेले आहे. तिकडच्या कामगारांना दुसऱ्या परवानगीच्या वाटा शोधाव्या लागतात. बरीच वर्षे अनेक मुले स्काइपवरून आईवडिलांच्या साध्या फोनवर बोलत. ते स्काइपही ५ मे २०२५ रोजी बंद झाले. मग लेकरे दुसरी पाने धुंडाळू लागली, आणि आयांच्या पडद्यावर नवनवे आकडे उमटू लागले.

म्हणजे नंबर परका दिसतो तो का? कारण त्या नाक्यावर आवाजाला टेलिफोनच्या वाटेला लागताना कुठल्यातरी नंबराचा अंगरखा घालावाच लागतो. कधी तो पान चालवणाऱ्या कंपनीचा असतो, कधी भाड्याने घेतलेला, कधी मुलाने आपलाच नंबर पडताळून दिलेला. वेदान्तात ज्याला उपाधी म्हणतात तसा हा प्रकार. घटातले आकाश घटाएवढे दिसते म्हणून आकाश काही घट होत नाही. तेव्हा माउली, तुमच्या लेकराने यात खोटे काही केलेले नाही. त्याने आपण दुसरा कोणी आहोत असे तुम्हाला सांगितलेले नाही.

इथे समाधान झाले असे म्हणून मी थांबलो असतो. पण लातूरची एक गोष्ट आड येते.

जून २०१७ मध्ये लातूर शहरात आणि जिल्ह्यात पोलिसांनी बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज उघडकीला आणली. लष्कराच्या गुप्तचर विभागाकडून आलेल्या माहितीचा त्यात हात होता. एक्स्चेंज म्हणजे मोठी इमारत नव्हे. खोलीत एक यंत्र, त्यात ओळीने बसवलेली सिमकार्डे. परदेशातून निघालेला फोन इंटरनेटवरून गुपचूप त्या पेटीत यायचा आणि पेटीतल्या एखाद्या सिममधून साध्या गाववाल्याच्या फोनसारखा बाहेर पडायचा. ज्याच्या हातात फोन वाजला त्याला दिसायचा आपल्या इकडचा दहा आकडी नंबर. बोलणारा मात्र समुद्रापलीकडे.

आता पूर्वपक्ष मांडतो, कारण तो मांडणारे लोक आपल्यातच आहेत. ते म्हणतात, यात पाप कसले? आखातात उन्हात राबणाऱ्या माणसाला दोन मिनिटे जास्त बोलता आले, त्याचे पैसे वाचले. बुडाले कोणाचे? कंपन्यांचे नि सरकारचे. त्यांना काय कमी आहे?

हिशेब पाहा. त्या वेळी परदेशातून आलेला फोन आपल्याकडे पोचवून देण्याबद्दल इथल्या टेलिफोन कंपनीला मिनिटाला ५३ पैसे मिळायचे, आणि देशातल्या देशात एका मोबाइलवरून दुसऱ्यावर गेलेल्या फोनचे १४ पैसे. पेटीवाल्याचा सगळा धंदा या मधल्या फटीत. नियामक मंडळानेही ती फट ओळखली. १ फेब्रुवारी २०१८ पासून ५३ चे ३० पैसे केले. तेव्हा दर चढा होता, हे पूर्वपक्षाचे म्हणणे मला मान्य आहे. जकात जड झाली की आडवाटा पडतात. पण फटीतले पैसे मजुराकडे किती गेले आणि पेटीवाल्याकडे किती, हे त्या मजुराला कोणी सांगितले होते का? तो तर स्वस्त मिळाले म्हणून घेऊन बोलला. त्याला दोष नाही. आणि त्याच पेटीतून त्याच्या आवाजामागे आणखी कोणाचे आवाज येत होते, हेही त्याला ठाऊक नव्हते. लष्कराला काळजी होती ती त्याचीच. आईच्या ओढीने बोलणाऱ्या लेकराला अशा माणसांच्या रांगेत उभे करायचे आणि वरून त्याच्यावरच उपकार केले म्हणायचे, हा न्याय मला कळत नाही.

मग सोंग घेणेच वाईट का? तसे म्हणता येत नाही. आपल्या परंपरेत देवानेच सोंग घेतले आहे. महिपतीबुवांनी भक्तविजयात सांगितलेली दामाजीपंतांची कथा तुम्हाला पाठ आहे. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, पंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना मोकळी केली, बेदरच्या बादशहाने त्यांना धरून आणायला माणसे पाठवली. बेदर म्हणजे काही लांब नाही, उदगीर-देगलूरच्या पलीकडे. त्या दरबारात पंढरीनाथ विठू महार होऊन गेला. नाव दुसरे, वेष दुसरा. ज्याला त्या काळच्या लोकांनी वेशीबाहेर ठेवले होते त्याचा वेष. कीर्तनात हा प्रसंग आला की लोक देवाच्या लीलेला डोलतात. मी मात्र नेहमी पावतीपाशी थांबत असे. देवाने थैली मोकळी केली, धान्याचे मोल पुरे चुकवले, बादशहाकडून पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत नेऊन ठेवली. सोंग घेतले ते कर्ज फेडायला, आणि मागे कागद ठेवला. लातूरच्या पेटीचे सोंग होते देणे चुकवायला, आणि त्यात मागे काही सापडू नये अशीच व्यवस्था होती. वेष दोघांनी बदलला म्हणून दोघांना एका तागडीत घालू नये.

आपल्या गावात बहुरूपी येत. पोलीस होऊन येत, दारात दरडावत, पोरे घाबरून आत पळत. मग हसून हात पुढे करत आणि सुपातले दाणे घेऊन जात. ते सोंग संपवून जात, हा त्यांचा धर्म होता. आता जो फोनवर ‘मी पोलीस बोलतो, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, खोलीबाहेर जाऊ नका’ असे सांगतो, तो सोंग संपवतच नाही. अशी अटक कायद्यात कुठेही नाही, हे शेजारच्यांनाही सांगून ठेवा.

इथून पुढची गोष्ट अवघड आहे. नंबर खोटा असू शकतो, हे आता सर्वांना कळले. पण आवाज? आवाज तर लेकराचाच आहे ना, असे आई म्हणते. माउली, रामायणातला मारीच आठवा. बाण लागून पडताना त्याने हाक मारली ती हुबेहूब रामाच्या आवाजात. सीतामाईने ती ऐकली. आवाज ओळखण्यात तिची चूक नव्हती, तो तसाच होता. लक्ष्मणानेही तीच हाक ऐकली, पण तो जागचा हलला नाही. तो आवाजाकडे पाहत नव्हता, स्वभावाकडे पाहत होता. माझा राम संकटात असा कळवळून हाका मारणारा नव्हे, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. पुढे माईच्या कठोर शब्दांनी तो गेला, आणि मग भिक्षेकऱ्याचे सोंग दारात आले, तो भाग वेगळा. (लक्ष्मणरेषा वाल्मीकींत नाही, पण आपल्या लोकांना ती हवी असते; मी कीर्तनात ती कधी पुसली नाही.) आता यंत्रे कोणाचाही आवाज काढू लागली आहेत. तेव्हा फोनवर ‘आई, मी अडकलोय, आत्ता पैसे पाठव, बाबांना सांगू नको’ असे आले, तर आवाज त्याचा आहे का, एवढेच तपासून भागणार नाही. बापापासून लपवणे हा आपल्या लेकराचा स्वभाव आहे का, हे विचारावे.

अभंगाच्या बाबतीत आपण वारकरी हे फार पूर्वीपासून करत आलो आहोत. शेवटच्या चरणात नाममुद्रा असते. ती पाहून लोक म्हणतात, हा अमक्यांचा अभंग. पण नुसत्या मुद्रेवर जाणत्यांनी कधी विश्वास टाकला नाही. नामदेवरायांच्या नावावर मागाहून झालेल्या विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या. तुकोबांच्या मुद्रेने इतरांनीही लिहिले. आमचे गुरुजी अभंग ऐकून डोळे मिटत आणि म्हणत, मुद्रा आहे, पण माणूस नाही. ते कळायला त्यांनी गाथा आयुष्यभर वाचली होती. उलटही पाहा. नरसीच्या नामदेवरायांची वाणी पंजाबात गेली, त्यांची एकसष्ट पदे गुरु ग्रंथसाहिबात बसली, आणि ज्या ग्रंथाला १७०८ मध्ये आपल्या नांदेडात गुरुपद मिळाले त्यातून ती वाणी पुन्हा गोदाकाठी आली. भाषेचा अंगरखा बदलला, लिपी बदलली. आपल्या माणसाने ऐकली तर त्याला नामदेव कळतोच.

म्हणून मुलांनाही सांगायचे आहे. वर्षातून दोनदा फोन केलात तर आईला तुमचा आवाज कळेल, स्वभाव कसा कळणार? तो रोजच्या साध्या बोलण्यातून कळतो: काय जेवलास, पाठ दुखते का, शेजारचा केरळचा माणूस गावी गेला का. लाल आकड्यांच्या काळात हे बोलायला परवडत नव्हते. आता परवडते, तर तेवढे बोला. कुठल्या पानावरून बोलणार, नंबर साधारण कसा दिसेल, वेळ कोणती, हे आधी कळवून ठेवा. उचलल्याबरोबर नाव, गाव आणि घरातले एखादे असे नाव सांगा जे बाहेर कोणाला माहीत नाही. आईने विचारले तर रागावू नका. दिंडीतसुद्धा नवा माणूस आला की कुठल्या फडाचा, असे विचारतातच.

आणि आयांनो, एक उलटी गोष्ट ध्यानात घ्या. अधिक चिन्हामागे परका देश दिसला की तुम्ही दचकता आणि आपल्या इकडचा दहा आकडी नंबर दिसला की निश्चिंत होता. लातूरच्या पेटीतून निघालेला नंबर इकडचाच दिसत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने परदेशातून येऊन भारताचा नंबर दाखवणारे खोटे फोन अडवणारी व्यवस्था सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच असे सुमारे एक कोटी पस्तीस लाख फोन पकडले गेले. परका नंबर चोराचाही असेल, पण मी बाहेरून आलो एवढे तरी तो कबूल करतो. तेव्हा वेळ ठरलेली असेल तर उचला, ‘कोण?’ म्हणून विचारा, आणि पैशाचे बोलणे निघाले तर ठेवून द्या नि लेकराला त्याच्या नेहमीच्या नंबरावर आपण होऊन फोन लावा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला कळवा. उशीर केला तर ते हाती लागणे अवघड होते.

अमेरिकेतल्या एका भक्ताने विचारले आहे की एकादशी इकडच्या सूर्योदयाची धरावी की तिकडच्या. पंचांग ज्या गावी आपण राहतो त्या गावच्या सूर्योदयाने पाहायचे असते. पण आई इकडे उपवास करते आणि मुलाला तिच्याबरोबर करायचा आहे, अशी त्याची अडचण आहे. त्याविषयी पुढच्या अंकात.