पडलेल्या झाडाचा मालक



मृगाच्या आधीच्या वादळात जैनथ रोडवर जुना कडुनिंब आडवा झाला. बस अडकली, दुचाक्या लोकांच्या शेतातून निघाल्या. आपण दहा-बाराजण कुऱ्हाडी घेऊन गेलो आणि तासाभरात रस्ता मोकळा केला. ती सेवाच होती. पण मग बुंधा ट्रॅक्टरवर चढवला, आरामशीनवर नेला आणि सत्संगाच्या खोलीत बाक करायचे म्हणून फळ्या पाडून आणल्या. "सरकारला काय करायचंय, पडून सडलंच असतं," असं मीच म्हणालो होतो.

त्याच वेळी एक आजी बारक्या फांद्यांची मोळी बांधत होत्या. आपल्यातल्याच एकाने हटकलं, "आजी, सरकारी झाड आहे, हात लावू नका." त्या मोळी टाकून निघून गेल्या. बुंधा आमच्या ट्रॅक्टरवर, आणि नियम आजीला! त्या रात्री मला झोप लागली नाही.

वकिली करणाऱ्या गुरुबंधूंना विचारलं. ते म्हणाले, झाड वाऱ्याने पडलं म्हणून बिनमालकाचं होत नाही. रस्ता ज्याचा, झाड त्याचं. मग ते रस्ते खातं असो नाहीतर ग्रामपंचायत. सागाचं असेल तर वनखात्याच्या वाहतूक परवान्याचाही प्रश्न येतो. त्यांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 303 दाखवलं. जमिनीला जोडलेली वस्तू चोरीला जाऊ शकत नाही, पण ती जमिनीपासून सुटली की चोरीचा विषय होते. 1860 च्या जुन्या दंड संहितेतही हेच होतं. म्हणजे आपल्याला वाटतं पडलं म्हणजे मोकळं झालं, आणि कायदा नेमकं उलट सांगतो. सापडलेल्या वस्तूबद्दल कलम 314 आहे. सांभाळून ठेवायला किंवा मालकाला द्यायला उचलली तर गुन्हा नाही. मालक कळण्याचं साधन असूनही आपलीशी केली, तर आहे. आम्हाला तर साधनही शोधायचं नव्हतं, सरपंचाचा नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होता.

काहीजण म्हणतात, मेहनत आपली आहे. खरं आहे, पण मेहनतीची मजुरी होते, मालकी होत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीतला गाळ उपसला म्हणून विहीर आपली होते का? दुसरं म्हणणं जास्त अवघड: देवाच्या कामासाठीच तर घेतलं. पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय तिसरं ठेवलंय, आणि त्यात देवळासाठी सूट दिलेली नाही. उलट "माझ्यासाठी नाही" असं म्हटलं की मन लवकर गप्प बसतं, हा मला धोका वाटतो.

आजींच्या मोळीचं काय? कायद्याच्या कागदावर त्या आणि आम्ही एकच. माझ्या मनाला ते पटत नाही. त्यांच्या चुलीला त्या संध्याकाळी सरपण लागणार होतं, आम्हाला मात्र बसायला सतरंजी होतीच. तरी "गरजूला चालतं" असा सरसकट नियम करायलाही मी कचरतो, कारण उद्या गरज कोणाची मोठी हे ट्रॅक्टरवालाच ठरवेल.

गुरुवारी चौघे मिळून ग्रामपंचायतीत गेलो. फळ्या किती, कशा आणल्या, सगळं अर्जात लिहिलं. किंमत ठरवा, भरतो, नाहीतर फळ्या परत नेऊन टाकतो. सरपंच हसले, पण अर्जावर शिक्का मारून दिला. रस्ता नक्की कोणत्या खात्याचा हे विचारून सांगतो म्हणाले. तोवर फळ्या ओसरीत ताडपत्रीखाली आहेत, कोणी रंधा मारू नये. आजींच्या घरी मोळी घेऊन मी परवा गेलो होतो. त्यांनी ती ठेवून घेतली, चहा मात्र विचारला नाही.