मूठभर पोहे



गेल्या चातुर्मासातील एक गोष्ट सांगून आम्ही आजच्या निरूपणास आरंभ करतो. गोष्ट आमच्याच चुकीची आहे. म्हणून ती सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे.

परगावचे एक वृद्ध हरिदास कीर्तन आटोपून रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या घरी आले. स्वयंपाकघर आवरले होते. भाजी संपलेली, पोळ्या दोनच उरलेल्या. अशा मोठ्या माणसास काय वाढावे, या संकोचाने आम्ही चहा पुढे केला आणि जेवणाचा विषय काढलाच नाही. तेही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कळले की, त्या रात्री ते दोन केळी खाऊन स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले होते. आमच्या मातोश्री एवढेच म्हणाल्या, "अरे, डब्यात पोहे होते, नारळ होता, ताक होते. काय नव्हते? तुझे मन नव्हते." त्या शब्दांचे उत्तर आम्ही अद्याप शोधीत आहो.

भागवताच्या दशम स्कंधात ज्या ब्राह्मणाची कथा आहे व ज्यास आपण सुदामा म्हणतो, त्याच्या घरी पोहेदेखील नव्हते. त्याच्या पत्नीने शेजारपाजारी मागून चार मुठी पोहे आणले आणि जुन्या वस्त्रात बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून सुदामा ती पुरचुंडी लपवू लागला. म्हणजे संकोच आमच्यासारखाच! परंतु भगवंतांनी ती ओढून घेतली आणि त्यातील एक मूठ खाल्ली. लाज सुदाम्यास वाटली, देवास नव्हे. अन्नाचा साधेपणा पाहुण्यास खुपत नाही. तो यजमानाच्या अहंकारास खुपतो.

वनपर्वातील द्रौपदीच्या थाळीची कथा आपण अनेक वेळा ऐकली आहे. तीत एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. सर्वांस वाढून द्रौपदी शेवटी जेवली, थाळी घासून ठेवली, आणि मग दुर्वास शिष्यांसह आले. संकटात तिने धावा केला तेव्हा श्रीकृष्णांनी तिला पुन्हा चूल पेटवावयास सांगितले नाही. त्यांनी रिकामे भांडे मागून घेतले आणि त्याच्या काठाशी चिकटलेले भाजीचे पान स्वतः शोधले. आहे त्यात पाहणे, हा या कथेचा एक बोध. आणि दमलेल्या गृहिणीवर अतिथिधर्माचा सगळा भार लोटू नये, हा दुसरा. पाहुण्याचे स्वागत पुरुषाने ओसरीवर करावे आणि त्याचा घाम स्त्रीने स्वयंपाकघरात गाळावा, यास आम्ही धर्म म्हणणार नाही.

आता व्यवहाराकडे वळू. आपल्या पूर्वजांनी अवेळी येणाऱ्याची सोय डब्यांतच करून ठेविली आहे. पातळ पोह्यांत ओला नारळ, मीठ व लिंबू घालून ते थोडा वेळ दडपून ठेवावे आणि वर फोडणी द्यावी. चातुर्मासात कांदा वर्ज्य असेल तर काकडी घालावी. तांदळाचे पीठ आंबट ताकात कालवून, आले, मिरची व कढीलिंबाच्या फोडणीवर शिजविले की पंधरा-वीस मिनिटांत उकड तयार होते. भाजणी घरात असली तर मेथी वा किसलेला दुध्या घालून थालीपीठ लावावे. काहीच सुचले नाही तर मुगाच्या डाळीची खिचडी आहेच. ही अन्ने गरिबीची म्हणून हलकी लेखू नयेत. तांदळाच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते, आणि डाळीत जे उणे ते तांदूळ. पोह्यांवर पिळलेल्या लिंबामुळे धान्यातील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते. बाजारातील खारट, तळलेल्या पाकिटांपेक्षा हे सर्व शरीरास हितकर आणि खिशासही सोपे.

उरलेल्या अन्नाविषयी मात्र विवेक हवा. गीतेच्या सतराव्या अध्यायात, शिजून प्रहर लोटलेल्या व रस गेलेल्या अन्नास तामस आहारात गणले आहे. प्रहर म्हणजे तीन तास. आजचे शास्त्रही सावधच करते. भातात असे काही जंतू असतात की ज्यांची बीजे उकळूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढून विष निर्माण करतात, आणि ते विष पुन्हा तापविल्याने जात नाही. म्हणून उरलेला भात लवकर निववून शीतकपाटात ठेवावा व दुसऱ्या दिवशी एकदाच नीट गरम करून संपवावा. सकाळच्या पोळ्या कुस्करून फोडणीस टाकाव्या. काटकसर ही पूजा आहे. नासलेले अन्न पाहुण्यास वाढणे ही काटकसर नव्हे.

गोपाळकाल्याच्या दिवशी आपल्या मंदिरात काय घडते? कोणाच्या घरचे पोहे, कोणाचे दही, कोणाची काकडी, कोणाचे डाळिंब. एका पात्रात पडले की कोणाचे काय हे कोणी विचारीत नाही, आणि त्याचा प्रसाद होतो. वर्षातून एकदा मंदिरात जे करतो ते घरी वरचेवर करावे, एवढीच आमची विनंती आहे. प्रत्येक घरात पोहे, भाजणी, मुगाची डाळ आणि ताक यांची शिबंदी असावी. आणि घरातील प्रत्येक मुलास, मग तो मुलगा असो वा मुलगी, यांतील दोन पदार्थ तरी करता यावेत.

ते हरिदास पुन्हा येतील तेव्हा पंचपक्वान्ने नसतील. दडपे पोहे असतील, ते आम्ही स्वतः केलेले असतील, आणि त्यांच्या शेजारी आमच्या मातोश्रींचे पान प्रथम मांडलेले असेल. दारी आलेल्यास विन्मुख पाठवू नये, ही उपनिषदांची आज्ञा पाळण्यास कोठार लागत नाही. एक मूठ पुरते.

श्रीकृष्णार्पणमस्तु.