वैद्यापुढील मौन

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना टिटवाळ्यानंतर खडवली लागते. भातसा नदीकाठच्या या गावातून मोठ्या डॉक्टरांकडे जायचे म्हणजे बहुधा कल्याण गाठायचे. तेवढ्यात दिवसाची मजुरी बुडते. मग रांगेत बसून जी थोडी मिनिटे हाती येतात, त्यांत माणूस पुष्कळदा मुख्य गोष्टच सांगत नाही, असे आम्ही पाहतो. खोकला सांगतो, दारू सांगत नाही. परवडेनात म्हणून मधुमेहाच्या गोळ्या एक दिवसाआड घेतल्या, हे सांगत नाही. डॉक्टर मात्र औषध पुरे पडत नाही असे समजून मात्रा वाढवितात. वैदूच्या काढ्याचे तर नावच नको.

हे मौन असत्य होय काय? फसविण्याचा हेतू त्यात क्वचितच असतो; लाज असते, बोलणी खाण्याची भीती असते. पापनिवेदन ऐकणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना हे ओळखीचे आहे: किरकोळ ते आधी येते, खरे ते उठता उठता. मात्र न सांगितलेलेही देवाला ठाऊक असते, डॉक्टरांना नसते. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करावयास सांगतो आणि वैद्यालाही वाव द्यावयास सांगतो. वैद्यसुद्धा यश यावे म्हणून देवाला विनवितो, असेही तेथे म्हटले आहे. ती विनवणी एका परीने आजाऱ्यालाही असते, असे आम्हांस वाटते.

तथापि सगळा दोष आजाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कल्याणच्या, १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण केले. पुरुष डॉक्टरांपुढे स्त्रिया संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रियांना त्यांनी लाज सोडण्याचा उपदेश केला नाही. १८८६ साली अमेरिकेत स्वतःच वैद्यकीची पदवी मिळविली. मान वर न करता चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी हे ध्यानी घ्यावे. आजाऱ्याने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. तेव्हा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

आदल्या रात्री शाळकरी नातवाकडून तक्रारी वहीच्या पानावर लिहवून घ्याव्यात. जे नातवाला सांगता येत नाही, तेच बहुधा डॉक्टरांना प्रथम सांगायचे असते. चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालावीत, काढ्याची बाटलीही. उठण्यापूर्वी कोणती गोळी जेवणाआधी, हे पुन्हा विचारावे. डॉक्टर रागावले तरी विचारावे. परतीच्या लोकलमध्ये ते सांगणारे कोणी भेटत नाही.