कृपेच्या नावाने घाई




संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाला. आता घरोघरी एकच चर्चा आहे. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं वावरात केव्हा लावायची? भेंडी, काकडी, दोडक्याचं बी केव्हा टाकायचं? लवकर लावलं तर पाला पडायची भीती. (मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं, पण हिंदीच्या संगतीने आपण गोठलेल्या दवालाही पालाच म्हणतो.) उशीर केला तर कडक उन्हात टोमॅटोची फुलं गळतात, पांढऱ्या माशीमुळे भेंडीची पानं पिवळी पडतात, आणि सगळ्यांचा माल एकदम आला की भाव उतरतो.

हा प्रश्न शेतीचा आहे. तरी यंदा आम्ही तो सत्संगात घेतला, कारण त्यात आमची एक चूक अडकलेली आहे. ती आज लिहून टाकतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सौंसरकडच्या एका गावात आपल्या एका ताईंनी नाल्याकाठचं वावर बटईने केलं होतं. टोमॅटोची रोपं उधारीवर आणलेली. जानेवारीच्या सुरुवातीला त्यांनी सत्संगात विचारलं, "दादा, रात्री लय गार पडून राहिलं. आठ-पंधरा दिवस थांबू का?" आमच्यातला एक जण म्हणाला, "ताई, लावून टाका. माउलीची कृपा आहे, काही होत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते वावर पाहायला मात्र आमच्यापैकी कोणीच गेलं नव्हतं.

ताईंनी रोपं लावली. चौथ्या रात्री वारा पडला, आभाळ स्वच्छ झालं, आणि सकाळी पानांवर पांढरा थर दिसला. ऊन चढेपर्यंत रोपं उकडल्यासारखी काळी पडली. अर्ध्याहून जास्त गेली.

ताई आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दादा, माझी श्रद्धा कमी पडली का?"

नुकसान पैशाचं होतं, ते भरून काढता येतं. हा प्रश्न मात्र आम्हाला आजही टोचतो. चूक आमची होती, आणि दोष त्या स्वतःच्या श्रद्धेला देत होत्या.

पाला कसा पडतो ते आता समजून घेऊ. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते. आभाळात ढग असले तर ते पांघरुणासारखे तिला थोडं रोखतात. आभाळ निरभ्र आणि वारा बंद असला की जमिनीलगतची हवा फार गार होते. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने खाली येते आणि खोलगट जागी साचते. सिल्लेवानी घाटाच्या वरची थंडी आणि खालची थंडी वेगळी, हे छिंदवाड्याला बसने जाणाऱ्यालाही कळतं. तसंच एकाच गावात टेकाडावरच्या वावराची रात्र वेगळी आणि नाल्याकाठची वेगळी. मोबाईलवर ४ अंश दिसत असलं तरी जमिनीजवळचं पान शून्याला पोहोचू शकतं. ताईंना आकडे माहीत नव्हते, पण पहाटे वावरात गेलेल्या त्यांच्या पायांना सगळं कळत होतं. आम्ही ते ऐकलं नाही.

अडचण अशी आहे, की शेवटचा पाला कोणता हे तो पडून गेल्यावरच कळतं. त्या सकाळी कोणी पाटी लावत नाही की बाबांनो, हा शेवटचा. मग नेमकं कळत नाही म्हणून लावून टाकायचं, की नुसतं बसून राहायचं?

जर्मनीकडे ११ ते १५ मे या दिवसांना 'बर्फाचे संत' म्हणतात. त्या दिवसांना पाच जुन्या संतांची नावं आहेत. ते दिवस जाईपर्यंत नाजूक रोपं बाहेर लावू नयेत, असा तिथला जुना रिवाज आहे. वाचून आम्हाला लाज वाटली. ते लोक संतांच्या नावाने थांबतात, आणि आम्ही गुरूच्या नावाने घाई केली.

थांबणं आपल्याला नवीन नाही. आंबिया बहारासाठी आपण संत्र्याचा बगीचा ताणावर सोडतो. विहिरीत पाणी असतं, तरी देत नाही. त्याला कोणी आळस म्हणत नाही, कारण त्या दिवसांतही आपलं लक्ष झाडावरच असतं. भाजीचंही तसंच आहे. थांबायचं त्या दिवसांत रोपं पिशव्यांत वाढवावीत. रात्री गवताने किंवा प्लास्टिकने झाकावीत, सकाळचं ऊन मिळू द्यावं. लावणीआधी काही दिवस पाणी कमी करून त्यांना कणखर करावं. सगळी एकदम न लावता थोडी राखून ठेवावीत. भेंडी-काकडीचं बी जमीन उबदार झाल्यावरच टाकावं. लावल्यावर गारठ्याची रात्र आलीच, तर संध्याकाळी हलकं पाणी द्यावं. ओली जमीन ऊब जास्त धरते.

सत्संगात एका गुरुबंधूने विचारलं, "हे सगळं आपणच करायचं, तर मग श्रद्धा कशाला?" प्रश्न बरोबर आहे. आम्हाला एवढंच समजलं, की सगळं केल्यावरही रात्र आपल्या हातात नसते. त्या रात्री झोप लागावी आणि सकाळी काहीही दिसलं तरी मोडून पडू नये, यासाठी श्रद्धा लागते. आपलं वावर तेवढं पाला सोडून देईल, असं श्रद्धेने कधी कबूल केलेलं नाही. पाला वावराचा मालक कोण, तो किती जप करतो, हे पाहत नाही.

म्हणून 'कृपा आहे' हे शब्द दुसऱ्याला देताना जपावं. आपल्या वावराबद्दल म्हटलं तर जोखीम आपली असते. दुसऱ्याच्या वावराबद्दल म्हटलं की तोटाही वाटून घ्यावा लागतो. आम्ही ताईंची अर्धी उधारी फेडली, आपापल्या घरची राखलेली रोपं दिली. फेब्रुवारीत पुन्हा लावणी झाली. पीक उशिरा आलं, भाव बेताचा मिळाला. पण आमच्या तोंडून गेलेलं ते वाक्य परत घेता आलं नाही.

घरातही हेच होतं. मुलाचा नवा धंदा, पोरीचं लग्न, कोणाचं दुखणं. आपण पटकन म्हणून जातो, "काही होत नाही, कृपा आहे." समोरचा त्या शब्दांवर पाऊल टाकतो.

या आठवड्याचा संकल्प साधा आहे. कोणी सल्ला विचारला तर आधी त्याच्या वावरात जाऊन उभं राहायचं, जमल्यास पहाटे. मग बोलायचं. आणि ताई, तुम्ही हे वाचत असाल तर उत्तर उशिरा देतो आहोत: तुमची श्रद्धा कमी पडली नव्हती. आमची विचारपूस कमी पडली.

जय गुरुदेव.